स्वयंपाकघरातून मोजलेले बाण

एप्रिलमध्ये, कोठाराच्या सावलीला
बर्फाचा शेवटचा मळकट ढीग असतानाच
ऑर्वोनं गवताचा गठ्ठा उभा केला
आणि चार पावलांवरून, डोळे मिटून
बाण सोडायला लागला.
चार पावलांवरून!
शेजारच्या लेम्पीची आंधळी म्हातारीही चुकली नसती.

खिडकीतून विचारलं, हे काय चाललंय?
म्हणाला, नेम नंतर. आधी पाठ.
खांद्यांना शिकवतोय, कुठं थांबायचं ते.

मला धनुष्यातलं काही कळत नाही,
पण भांडी घासता घासता कान तयार होतो.
गवतात बसला की थप्प.
मागच्या फळीत घुसला की टक्क.
आणि काहीच ऐकू आलं नाही की समजायचं,
स्वारी गुडघ्यांवर, माझ्या बटाट्यांच्या वाफ्यात
बाण शोधते आहे.

मे महिन्यात साठ.
जूनमध्ये शंभर, एखाद्या दिवशी एकशे वीस,
तोंडात डास जाईपर्यंत.
रात्री सौनाच्या वाफेत
मी त्याचा उजवा खांदा चोळायची.
लोखंडाच्या खाणीतून एकतीस वर्षांनी
घरी परत आणलेला खांदा.
म्हटलं, आता पुरे.
तो हूं म्हणाला.
त्याच्या घराण्यात हे लांबलचक भाषण झालं.

गेल्या ऑक्टोबरबद्दल आम्ही बोलत नाही.
कंदील मीच धरला होता.
मेपलच्या पानावर रक्त, मग शेवाळावर,
मग एका सीडरच्या बुंध्याला
माझ्या कमरेच्या उंचीवर
कुणी बोट पुसावं तसा डाग.
मग पाऊस आला.
दलदलीच्या काठाशी आम्ही उभे राहिलो,
पुढं नुसतं काळं पाणी.
दोन दिवस शोधलं.
तिसऱ्या दिवशी कावळे कुठं उतरतात
तेवढंच बघत फिरलो.
गाडीत बसल्यावर तो म्हणाला,
आठवडाभर हात लावला नव्हता गं धनुष्याला.

ऑगस्टात आकडे उतरू लागले.
चाळीस. वीस. बारा.
मला वाटलं, खांदा गेला.
तर हा भर उन्हात लोकरीचा जाड कोट घालून
कोठाराच्या छपरावर चढलेला,
तिथून खाली मारतोय,
घामाच्या धारा दाढीतून ठिबकताहेत.
रस्त्यावरून जाणारा टपालवाला
गाडी थांबवून बघत राहिला.
वर बघून काही विचारणार होता, विचारलं नाही.

सप्टेंबरमध्ये एकच.
पहाटे, अंथरुणातून उठून थेट,
कॉफीच्या आधी, आखडलेल्या बोटांनी,
वीस पावलांवरून एक बाण.
थप्प.
की धनुष्य खुंटीला. दिवसभर पुन्हा नाही.
एवढ्यानं भागतं? मी विचारलं.
बुटांची नाडी सोडत म्हणाला,
रानात दुसरा कोण देतंय?

तेव्हापासून त्या वेळेला
मी किटली चुलीवरून बाजूला घ्यायची,
शिटी मध्येच वाजू नये म्हणून.
बावीस तारखेला टक्क झालं.
त्या दिवशी त्यानं कॉफी तशीच गार होऊ दिली,
आणि मीही दुसरी ओतली नाही.

ऑक्टोबरची पहिली. अंधारातच गेला.
उजाडताना मी सिंकपाशी उभी,
हातात कालचीच बशी.
कान लांबवला कोठारापर्यंत,
कोठारामागच्या सफरचंदापर्यंत,
त्यापुढं तो पोचेना.

संध्याकाळी परत आला.
भात्यात पाच बाण, पाचही कोरडे.
सवयच लागली आहे, मोजले.
आला होता?
आला होता. सतरा पावलांवर.
मध्ये एक फांदी होती, करंगळीएवढी.
मग?
मग गेला.
आणि बटाटे दोनदा मागून घेतले.

आज फ्रीजर रिकामाच आहे.
बाहेर दंव पडलंय,
कोठाराचं दार करकरलं.
नळ बंद केलाय. किटली बाजूला.