बेड चौदा

नस डोळ्यांनी शोधू नकोस,
मुजावर मॅडम म्हणाल्या होत्या पहिल्या आठवड्यात,
बोटाला विचार.
मी बोटाला विचारायला शिकले.

किनवटहून आणलेली उशी अजून कोरी आहे.
हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी, गाद्या दोन,
आणि तिघी एकाच वेळी झोपलोय
असं कधी झालंच नाही, म्हणून भागतं.

आणखी बरंच आलं.
इन्सुलिनच्या फ्रिजला पाठ टेकवून
त्याच्या घरघरीत उभ्यानं सात मिनिटं झोपणं.
लिफ्टच्या मांडेकरमामांना
मुलाच्या बारावीचं विचारणं, म्हणजे लिफ्ट थांबते.
थिसिसला मला नव्वद फुप्फुसं हवीत,
अठ्ठावन्न झाली होती.

ढेबे एकोणसाठावे.
वेल्ह्याच्या वरच्या अंगाचे.
श्वास घेताना मान अशी उचलायचे
जसं पलीकडच्या डोंगरावरून कुणी हाक मारतंय
आणि नीट ऐकू येत नाहीये.

दिवसभर त्यांना नेत होतो.
एक्स-रेला नेलं. सोनोग्राफीला नेलं.
टू-डी एकोला नेलं, रांग होती, परत आणलं.
स्ट्रेचरच्या मागं ठकूबाई,
हातात औषधाच्या दुकानाची कॅरीबॅग,
प्रत्येक दारापाशी एकच प्रश्न:
आता कुठं नेताय?

पहाटे चार दहा.
ॲम्बू इंटर्नच्या हातात होती.
त्यानं माझ्याकडं पाहिलं,
मी घड्याळाकडं.

मॅडम खाली कॅज्युअल्टीत, विषाच्या दोन केसेसमध्ये अडकलेल्या.
म्हणजे सांगायचं मी.

फायलीतला शब्द मला पाठ होता,
इंग्रजी, तारीख उलटलेल्या गोळ्यांनाही तोच लावतात.
मराठीतला कुणी शिकवला नव्हता.
आमच्याकडं आजोबांच्या वेळी पत्रात
‘देवाज्ञा झाली’ छापलं होतं,
पण छापलेलं तोंडानं कसं म्हणायचं?

ठकूबाई जिन्यात बसल्या होत्या.
मी म्हणाले, आजी, बाबा गेले.

त्या उठल्याच, पदर खोचत.
‘आता आन् कुठं? फोटूला?’

नाही आजी.
गेले.

खालच्या मजल्यावर कुणाची तरी बादली सरकली.
ठकूबाईंनी कॅरीबॅग उघडून आत पाहिलं.
‘चपला तर हितंच हायती.’
मग माझ्याकडं.
‘अनवाणी?’

मी मान हलवली. हो म्हणून.
याचं दुसरं उत्तर असेल तर मला अजून ठाऊक नाही.

त्या लगेच रडल्या नाहीत.
चपला काढल्या, एकीवर एक आपटल्या,
जिन्याच्या फरशीवर तांबडी माती पडली, थोडीशी,
मग पुन्हा नीट पिशवीत घातल्या.

पाच वाजता स्टेशनसमोरच्या टपरीवर
मॅडमनी खारी चहात बुडवली, ती तुटून आतच राहिली.
मी पहिल्यांदा ‘सॉरी’ म्हणाले होते, त्या म्हणाल्या,
त्या बाईचा मुलगा म्हणाला, काही हरकत नाही मॅडम,
आम्ही थांबतो.
आम्ही दोघी हसलो. खूपच हसलो.
रिक्षावाले बघायला लागले
तेव्हा मॅडम चमच्यानं खारीचा लगदा शोधत होत्या
आणि शोधतच राहिल्या.

आठला राउंड.
सर म्हणाले, चौदा?
मी तो इंग्रजी शब्द म्हणाले, वेळ सांगितली,
सर पंधराकडं वळले.
पंधराचं पोटॅशियम मला तोंडपाठ होतं.

दुपारपर्यंत चौदावर नवी चादर,
तिच्यावर हडपसरचा पोरगा, डेंग्यू,
नस कुठंच नाही.
मी डोळे मिटून बोटाला विचारत होते
तर त्याची आई कानाशी कुजबुजली,
सिस्टर, याच्या चपला कॉटखाली चालतील का?
की बाहेर ठेवू?

मी सिस्टर नाही, हे सांगायचं राहून गेलं.
राहू द्या, म्हणाले.
इथंच राहू द्या.