फळा

शनिवारी दीडला गुरांचा दवाखाना बंद होतो.
शेवटच्या म्हशीच्या कानातला बिल्ला
रजिस्टरात उतरवून मी बाहेर येतो
तेव्हा फाटकाशी खेमराज गिऱ्हेपुंजे उभा असतो.
मागे ट्रकची ट्यूब, टाकीवर ताडपत्री,
आणि मोटारसायकलला आडवा बांधलेला फळा,
त्यामुळे समोरून येणारे बैलसुद्धा
रस्ता सोडतात.

शाळेचाच फळा. सागाचा.
गाव उठलं तेव्हा लिलावात
त्याने चाळीस रुपयांना घेतला,
खाटेखाली ठेवला, कोणाला काही बोलला नाही.
मग एका उन्हाळ्यात मोबाइलवर
कुठल्याशा थंड देशातली पोरं
लाटेवर उभी राहिलेली दिसली
आणि हिवराज सुताराकडे जाऊन म्हणाला,
याचं टोक गोल करून दे.

काळा रंग निम्मा गेलाय.
डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या ऑइलपेंटचं अजून लागतं:
वार. पट. हजर.
पुढे कोरं.

समुद्र आमच्यात फक्त हेमलता उकेनं पाहिलाय,
एसटीच्या कसल्याशा प्रशिक्षणाला गेली तेव्हा.
"खारट हाये. आनि आवाज लय करते."

आमच्या वैनगंगेला लाट मागावी लागते.
वैशाखात दुपारी तीननंतर पश्चिमेचा वारा सुटतो,
धरणाच्या फुगवट्यावर त्याला अडवायला
दोन-चार वाळके शेंडे, बाकी काही नाही,
आणि काठाशी येता येता
पाण्याला गुडघ्याएवढी पाठ फुटते.
कंबरेएवढी दोनदाच.
त्या तारखा ट्यूबवर खिळ्याने कोरल्यात.

पहिला सबंध उन्हाळा आम्ही पडलो.
हिवराज पडला, मी पडलो, माझा चष्मा
अजून खाली कुठेतरी मासे वाचत असेल.
मग एका रविवारी साप्ताहिक सुट्टी घेऊन हेमलता आली,
ओढणी कमरेला आवळली, फळ्यावर चढली
आणि उभी राहिली.
बस्स. उभी.
अठरा वर्षं खड्ड्यांच्या रस्त्यावर
काही न धरता तिकिटं फाडणारी बाई.
"पाय ढिल्ले सोडा ना बे,
घट्ट कराल त पडाल."
काठ आला तसा तिने
हवेतली दोरी एकदाच ओढली.

रात्री ताडपत्रीखाली भात, झिंग्यांची भाजी,
डासांना शेणीचा धूर. डास धुराला भीत नाहीत,
आम्हीच खोकतो.
पलीकडच्या काठावर नव्या वसाहतीचे दिवे,
प्लॉटच्या नंबरांसारखे ओळीत.
त्या रात्री खेमराज पडल्या पडल्या म्हणाला,
"शाळा इथंच होती."
कुठं?
"आपन लाट धरतो ना,
तिथून जराशी डाव्या आंगानं."
हिवराजने निखारा उलटवला.
बऱ्याच वेळाने, झोपला असेल असं वाटलं तेव्हा:
"फळा पुसाचं काम माह्याकडं होतं."

रविवारी सकाळी वाराच नव्हता.
पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं.
तरी तो फळा घेऊन गेला,
पोटावर झोपून, हातांनी वल्हवत,
डाव्या अंगानं.
एका जागी थांबला.
काही केलं नाही. हात पाण्यात सोडून
पडून राहिला.
मी हाक मारणार होतो, चहा उतू जात होता.
हेमलता म्हणाली, राहू दे,
आणि भगोनं स्वतःच खाली घेतलं.

येताना फळा तिने धरला, मागे बसून.
कोणी काही बोललं नाही,
हिवराज तेवढा म्हणाला की टोकाला
अजून एकदा रंधा लागेल.

सोमवारी सकाळी एका शेळीची नोंद करताना
मी रजिस्टरावर वाकलो
आणि उजव्या कानातून
दोन दिवसांचं कोमट पाणी
टपकन पानावर पडलं.
शेळीचं वय गेलं.
डॉक्टर म्हणाले, अंदाजे टाक.