फॅट शून्य

तेजलचा फोन: रविवारी येतोय, सहा जण,
मळ्यातच जेवू. आणि बाबा, लक्षात आहे ना,
दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही.
मधसुद्धा?
हसली. मधसुद्धा.

एकतीस वर्षं मी यावलच्या डेअरीत
लोकांच्या दुधाचं फॅट काढलं.
नळीत आधी आम्ल, वर दूध, फिरवायचं, वाचायचं,
सहा पूर्णांक दोन, साडेसहा, लिहायचं.
पाणी कुणी घातलं ते कॅनच्या आवाजावरून कळे.
आता निवृत्तीच्या दुसऱ्या हिवाळ्यात
त्याच वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानावर
यादी करायला बसलो
आणि हात आपसूक पहिलं लिहून गेला: ताक.
खोडलं.

वांगी बामणोदची, हिरवी, पोटाशी पांढरट,
दहा किलो. गोटू फिरकेला बजावलं,
उचलून बघ, आकाराला हलकी तीच दे, जड असली की बी निघतं.
आणि ऐक, यात दूधदुभतं काही नको हं.
तो पलीकडे गप्प. मग म्हणाला,
"भो, भरितात दूध घालतं कोण?"

पऱ्हाट्या घरच्याच, बांधावर रचलेल्या,
वाळून खटखटीत.
तुरकाठीही चालते, पण पऱ्हाटीचा धूर
वांग्यात वेगळा उतरतो. किती वेगळा,
ते मोजायची नळी नाही.

हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात,
शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, शेंगदाण्याचंच तेल.
बडगी द्वारकाबाईंकडून आणायची, आमची चिरली.
पुऱ्या. कळण्याच्या भाकरी. बिबडे भाजून.
फुनके की डुबुकवडे, यावर मंदा आणि मी
पाऊण तास भांडलो.
फुनके ठरले, गार झाले तरी रुसत नाहीत.
जेवायला केळीची पानं, ती काय, हात लांब केला की झालं.
यादी वरून खाली वाचली, मग खालून वर.
ताकानंतर एकही ओळ खोडावी लागली नव्हती.

अडला तो चहा.
चार वाजता, सातपुड्याकडून गार वारं सुटल्यावर
चहा नाही म्हणजे काय?
गुरुवारी मंदा बाजारात गेल्यावर गुपचूप करून पाहिला,
नुसता कोरा. पहिला घोट मोरीत.
तिसऱ्या खेपेला गवती चहा वाढवला,
आलं ठेचून, साखर कमी, लिंबाचे दोन थेंब.
जमला.
पेला उजेडाकडे धरून पाहिला, जुनी सवय,
रेघ कुठे चढते का. काहीच नाही.
आरपार खिडकी दिसत होती.

तेव्हा आठवलं.
आठ वर्षांची असेल, शाळा सुटली की डेअरीत येऊन बसायची,
माझ्या वहीचे रकाने बोटानं वाचायची:
सभासद क्रमांक, लिटर, फॅट, रक्कम.
एकदा म्हणाली, बाबा, रेडकाचा रकाना कुठेय?
मी काट्यावरच्या माणसांना सांगितलं,
आम्ही सगळे खूप हसलो.
तीही हसली, सगळे हसतात म्हणून.

चटया पाच. पाण्याचे दोन माठ.
चिंचेखाली लाल मुंग्या आहेत,
तेव्हा बसायचं कडुनिंबाखाली.
त्या पोरांतला एक केरळचा आहे म्हणे,
त्याच्यासाठी मिरची निम्मी,
पण निम्म्या मिरचीचं भरीत मी करणार नाही,
त्याला जास्तीच्या केळी.

शनिवारी रात्री मंदानं भांडी आवरता आवरता
दुधाला विरजण लावलं.
माझ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला.
असू दे म्हटलं, सोमवारी लागेलच आपल्याला.
दहा वाजता गोटूचा फोन: वांगी बारा किलो भरली,
आणि दादा, आज दव लई पडणार,
पऱ्हाट्या झाकल्या का?

नाही झाकल्या.
मफलर बांधली, बॅटरी घेतली,
ताडपत्री सायकलच्या कॅरिअरला आवळली
आणि निघालो.