वाफसा

खापरपणजोबांची वही माझ्याकडे आहे.
कातडी बांधणी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या.
पुढून उघडली तर शेत,
उलटी करून मागून उघडली तर मंडळी.
कागद महाग होता. आयोवात तेव्हा
देवाला आणि डुकरांना एकच वही.

पुढून:
"एप्रिल ९. वाफसा नाही.
एप्रिल १४. वाफसा. स्टारचा खांदा सोललाय."
नाव एल्नाथन वीडन. व्हर्मांटहून निघाला तेव्हा
एक गाडी, दोन बैल, मेहिटेबल,
आणि लोकरी मोज्यात शिवलेल्या सफरचंदाच्या बिया.
गवत खांद्याला लागायचं.
पहिल्या तासाला फाळाखाली मुळं तुटली
तेव्हा जाडं कापड टराटरा फाटावं तसा आवाज,
दिवसभर.
त्या तासात बाणाचं एक दगडी टोक निघालं.
खणात ठेवलं त्यानं, अजून आहे.
वहीत त्याची नोंद नाही.
मेस्क्वाकी इथून कधी गेले, कसे गेले, तेही नाही.
नुसतं: "एकशे साठ एकर. दोनशे डॉलर. पोच मिळाली."

मागून:
"आज आमच्या कोठारात नऊ जणांची मंडळी झाली.
मला डीकन नेमलं. मी नको म्हणालो.
पुन्हा नेमलं."
जानेवारीत वाप्सिपिनिकॉन नदीचा बर्फ
कुऱ्हाडीनं फोडला, थडग्याएवढा,
आणि सतरा वर्षांच्या पोराला त्यात बुडवून वर काढलं.
"दात वाजत होते, पण हसत होता.
दोन घोंगड्या कमी पडल्या."

विधवा थर्झा प्रॉबर्टचं पान मी पुन्हा पुन्हा काढते.
जुलै, रविवार, पश्चिमेला आभाळ हिरवट पडलेलं.
बाकी सगळे प्रार्थनेला बसले;
ती तीन पोरांना घेऊन गव्हात उतरली
आणि अंधार पडेतो कापत राहिली.
सोमवारी पहाटे गारा.
एल्नाथनचा उभा गहू मातीत गेला.
शनिवारी करारसभा:
"बहीण प्रॉबर्ट, शब्बाथ मोडला म्हणून वगळली.
हात वर, अकरा. खाली, एक."
तो एक कुणाचा, लिहिलेलं नाही.
मी मेहिटेबलचा धरून चालते.

पुन्हा पुढून, त्याच हिवाळ्यात:
"डिसेंबर २०. पिंपाचा तळ दिसतो.
डिसेंबर २३. दारात पिठाचं पोतं.
बर्फात पावलं. बुटांची नव्हेत,
गोणपाट गुंडाळलेली.
डिसेंबर २४. पाव भाजला. खाल्ला."

वही उलटी करते.
"डीकन वीडन उभा राहिला,"
(स्वतःला तो इथे परक्यासारखा लिहितो)
"म्हणाला, रविवारी कापलेल्या गव्हाचा पाव
मी अकरा दिवस खातो आहे,
आणि तो मला गोड लागतो.
तिला वगळलंत तर मलाही वगळा.
आज प्याला कुणी फिरवायचा ते ठरवा,
मी तिला आणायला जातो आहे."
पुढे शाई सांडलेली,
त्यात एक अंगठा उमटलेला, रुंद, नख चिरलेलं.
मंडळीनं काय ठरवलं, कळत नाही.
पान उलटलं की छपराचे खिळे, चार पौंड.

पण मे महिन्यात, शेताच्या बाजूला,
बैल, बियाणं, मीठ यांच्यामध्ये:
"बहीण प्रॉबर्टकडे सफरचंदाची सहा रोपं लावून आलो.
पैसे देत होती. घेतले नाहीत."
शेताच्या बाजूला 'बहीण' हा शब्द
त्याआधी कधी आलेला नाही.
मी सगळी पानं तपासली आहेत.

दोन्हीकडून भरत आलेली वही
मध्ये चार कोऱ्या पानांशी थांबते.
एकावर मेहिटेबलचं अक्षर, मोठं, तिरकं,
लिहायची सवय नसलेलं:
"एप्रिल ११. त्यांना ठेवून आलो.
थर्झा होती.
वाफसा होता, खणायला वेळ लागला नाही."