शेरा

धंतोलीतली शटरं अकराला ओढली जातात
आणि आम्ही तिघं यशवंत स्टेडियमच्या भिंतीलगत चहाला थांबतो.
मे महिना. भिंत अजून ताव सोडत नाही.
पाठ टेकवावी तर ताप आलेल्या माणसाला टेकल्यासारखी.

आज विषय कॉम्प्युटरचा.

दिवाकर नंदनवारच्या दुकानात कालपरवाच नवीन बसलंय.
"तीन अक्षरं दाब, औषध हाजिर.
बदली कोणती द्यायची तेही सांगते,
नफा किती, ते हिरव्या रंगात.
फक्त नेट गेलं का आपण बी गेलो.
शनिवारी चाळीस मिनिटं मी
तो गोल चक्का पाहून राहिलो होतो
अन् गिऱ्हाईक मले."

रुखसार काझी हॉस्पिटलच्या तळघरात रात्रपाळी करते,
आज तिची सुटी.
"आमचं थेट डॉक्टरच्या टेबलाशी जोडलेलं.
अक्षर लावायची कटकट संपली.
पण एक पट्टी परत घ्यायची तर सात खिडक्या,
आणि सातवी विचारते, तुमची खात्री आहे का?
रात्री दोनला मला कशाचीच खात्री नसते."

मग दोघं माझ्याकडे बघतात, आधीच हसत.

आमच्या हनुमाननगरच्या दुकानात काळा पडदा.
माऊस नाही. एफ-सात बिल, एफ-नऊ उधारी,
बोटं झोपेतही चालतात.
ज्यानं बसवलं, त्याचा नंबर सहा आकडी होता तेव्हाचं.
"अजब बंगल्यात नेऊन ठेव ते," दिवाकर म्हणतो,
"तिकीट लाव."

सोमवारी आमचंही बदलणार आहे.
कंपनीचा पोरगा आला, पेन ड्राइव्ह लावला,
स्टॉक गेला, बॅच गेल्या, एक्सपायरी गेली,
उधारी पैशापैशानं गेली.
एक रकाना तेवढा मागे राहिला.
शेरा.
नव्यात त्याला जागाच नाही.
"कायले लागते, मॅडम? रिपोर्टमध्ये तं येत नाही."

चाळीस अक्षरांचा तो रकाना.
उके काकांनी एका बोटानं भरलेला,
इंग्रजी अक्षरांत आपली बोली, पंचवीस वर्षं.

गजभिये: बर्फ घालून द्या, जरीपटक्यापर्यंत जायचं असते.
पांडे मास्तर: ऐकू येत नाही. ओरडू नका, लिहून दाखवा.
मोहाडीकर: भाव विचारेल, मग अर्धीच पट्टी घेईल. आधीच कापून ठेवा.
सौ. बुरडे: गोळ्या साध्या पुडीत. सासूला दिसू नये.
आणि एक नाव, जे मी इथेही घेत नाही:
झोपेच्या गोळ्या. चिठ्ठी असली तरी दोनच द्या. गप्पा मारा.

काकांना विचारलं तर म्हणाले,
"ते मले सारं पाठ आहे, वंदना."
वंदना माझ्या आधी होती. माझ्या आधीच्या आधी.

म्हणून मी उतरवून घेतेय,
कंपन्यांच्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर.
आज म पर्यंत आले.

रुखसारचा चहा गार होतो.
"तो दोन गोळ्यांवाला… येतो अजून?"
येतो. दर दोन दिवसांनी.
स्टुलावर बसतो, पंख्याखाली,
नातीच्या परीक्षेचं सांगतो, अजनीच्या पुलाचं सांगतो.
चार वर्षं मला वाटत होतं,
त्याला वेळ जात नाही.

भिंत अजून गरमच.

"पत्त्याला दोन ओळी असतात," रुखसार म्हणते.
"दुसरी कोणी भरत नाही. तिथं टाक."
मी मनात टाकून बघते:
राहणार हनुमाननगर,
गप्पा मारा.

"पण पत्ता बिलावर छापून येते ना वो,"
दिवाकर ग्लासातला शेवटचा घोट जमिनीवर ओततो.
"मास्तरचं चालते. बर्फाचं चालते.
बुरडेबाईचं अन् त्याचं…"
खिशात सुटे शोधत, माझ्याकडे न बघता,

"तेवढं पाठ कर."