डावं मागचं दार

तक्रार लिहून घेणारा पोरगा विचारतो,
"आवाज येतो का, हासुराम सर?"
येतो. खड्ड्यात येतो, खड्डा नसताना येतो,
उरणफाट्याच्या पुलावर तर अख्खा डॅशबोर्ड टाळ धरतो.
पण मी आलोय दारासाठी.
डावं मागचं. आतून उघडत नाही.

तो टाइप करतो : दार, आवाज.

तुर्भ्याच्या या काचघरात कॉफी फुकट आहे
आणि माझा नववा दिवस आहे.
बाजूला सिद्राम शिवशरण, अक्कलकोटचा.
त्याची गाडी अपडेट घेता घेता झोपली ती उठलीच नाही.
बॉनेटच्या फटीत तो पाच रुपयांचं नाणं उभं सरकवून दाखवतो,
म्हणतो, आपल्या दोघांच्या गाड्या एकाच दिवशी जन्मल्या असणार,
शनिवारी, सुट्टीच्या तोंडावर.
हसतो आम्ही.
हप्ता तेवीस हजार चारशे.
पाच तारीख कुठल्याच पार्टची वाट बघत नाही.

आधी गनीचाचाकडे गेलो होतो, सानपाड्याला पुलाखाली.
वीस वर्षं त्यानं माझ्या गाड्या कानानं तपासल्या,
लांबून येतानाच सांगायचा कुठलं बेअरिंग गेलंय.
या वेळी हात मागे बांधून भोवती फिरला,
मयताला आल्यासारखा.
"ही तर बोलतच नाही रे. ऐकू काय?"
मग केशरी वायरीकडे बोट दाखवून,
"याला हात लावायचा तर आधी माझ्या बायकोला कळव."

सुरुवातीला दाराचं मला बरंच वाटलं होतं,
खोटं कशाला बोलू.
आतून उघडत नाही म्हणून मी उतरायचो,
वळसा घालून बाहेरून उघडायचो.
वाशीचे शेठ, नेरुळच्या डॉक्टरीणबाई,
"काय संस्कार आहेत!"
पाच तारे. पाच तारे. पाच तारे.
कंपनीची चूक माझ्या खात्यात सद्गुण म्हणून जमा.

मग ती ऐरोलीची मुलगी.
रात्रीचे पावणेदोन. सोसायटीच्या गेटपाशी थांबलो.
तिनं खटका ओढला. पुन्हा ओढला.
तिसऱ्यांदा ओढला तेव्हा आरशात मी तिचा चेहरा पाहिला,
आणि त्या चेहऱ्यात, मी कोण आहे ते.
"मॅडम, दार खराब आहे."
हे वाक्य त्या वेळी कुठलाही ड्रायव्हर म्हणाला असता.
चांगलाही.
दोन्ही हात वर करून उतरलो,
दार उघडलं,
आणि मागे सरकत सरकत दुभाजकापर्यंत गेलो.
ती पळाली. डबा सीटवर राहिला.
तारे नाहीत. तक्रारही नाही.
डबा आमच्या फडताळात आहे, घासून ठेवलेला.

"हे लिहा," मी पोराला म्हणतो.
"कुठल्या रकान्यात, सर?"
खरंच विचारतो बिचारा.

दहाव्या दिवशी गाडी परत मिळाली. धुतलेली.
पार्ट वाटेत आहे.

दिवाळ्याच्या जेटीवर आबा जाळं विणत बसला होता.
सगळं ऐकून उठला.
दाराचं आतलं पॅनल त्यानं नखानं उचकटलं
(नखानं. यावरून काय ते समजा)
आणि हात घातला,
चिंबोरीच्या बिळात घालतो तसा.
"एवरे पैशे घातलं, न् आत एक गाठ नाय?"
जाळ्याची हिरवी दोरी, दोन फेरे,
टोक बाहेर काढलं. ओढलं.
दार उघडलं, खाडीचा वारा आत आला.

पोरगा म्हणतो, आता वॉरंटी गेली.

हल्ली कुणी बसलं की गाडी हलवायच्या आधी मागे वळतो.
ही हिरवी दोरी. ओढली की दार उघडतं.
एकदा ओढून बघा.
ओढतात. मग निघतो.

चार तारे पडतात आता.
कुणीतरी लिहिलंय,
गाडीला मासळीचा वास येतो.