साठपासून उलट

काराकोलहून जीप जिथवर जाते, तिथून पुढे
साडेचार तास पायी. मग हिमनदीच्या पोटाशी तळं,
आणि तळ्याच्या काठी पत्र्याच्या खोक्यात
एक सर्व्हर, दोन बॅटऱ्या,
खिळ्याला अडकलेला साइकालचा विसरलेला हातमोजा.

पाणी किती चढलं, एवढंच त्याने कळवायचं.
कड फुटली तर खालच्या गावाला वीस मिनिटं मिळतात.
वीस मिनिटांत लेकरं निघतात, मेंढरं निघतात,
साइकालचा बाप मात्र
आधी बूट शोधत बसेल.

नोव्हेंबरात वाट बुजते. मेपर्यंत
त्या खोक्याला माणूस दिसत नाही.
मध्येच ते अडकलं, तर अडकलं:
दिवा हिरवा, पंखा फिरतोय,
आत कुणी जागं नाही.

म्हणून तिने बोर्डावरची नखाएवढी चिप कामाला लावली.
वॉचडॉग. साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न,
शून्याच्या आत कुणीतरी यायचं,
पाठीवरून हात फिरवायचा, की पुन्हा साठ.
कुणी आलंच नाही
तर का, कसं, बरं नाही का, काही विचारायचं नाही.
सरळ नरडं धरायचं.
क्षणभर काळोख, आणि मग सगळं पहिल्यापासून,
जत्रेत चुकलेल्या पोराने
स्वतःचं नाव आठवावं तसं.

"आमचा तायगान चोरावर भुंकायचा," असानकुल म्हणाला.
"हा कसला कुत्रा?"
"बाबा, हा घर गप्प झालं की चावतो."

पहिल्याच हिवाळ्यात कुत्रा फसला.
फेब्रुवारीत आकडा थिजला. सकाळी दोन मीटर चाळीस,
रात्री दोन मीटर चाळीस.
रजिस्टरात 'तळं शांत' असं लिहिणारा मीच.
सही केली, चहा ओतून घेतला.
साइकाल माझ्या खांद्यावरून वाकून पाहत राहिली.
"बर्फाखालीसुद्धा पाणी बोटभर हलतं रे," एवढंच म्हणाली.

मेमध्ये वर गेलो तेव्हा कळलं.
मोजणारा प्रोग्रॅम केव्हाच गेला होता.
कुत्र्याला कुरवाळायचं काम होतं दुसऱ्याकडे,
एका छोट्या, वेगळ्या प्रोग्रॅमकडे,
आणि तो बिचारा इमानी.
मालक आत मरून पडलेला,
हा दर तीस सेकंदांनी येऊन
कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवतोय:
सगळं ठीक, सगळं ठीक.

तिने कुणाला शिवी दिली नाही. मलाही नाही.
दगडावर बसून, गुडघ्यांवर लॅपटॉप,
निळ्या पडलेल्या बोटांनी चार ओळी हलवल्या.
आधी पाणी मोज.
आकडा डिस्कवर लिही.
लिहिलेला परत वाचून बघ.
मगच कुत्र्याला हात लाव.

पुढच्या जानेवारीत रात्रपाळीला आम्ही दोघंच.
नऊ वाजता तिचा घरी फोन, रोजच्यासारखा.
"कसे आहात?"
"ठीक."
तीन वर्षं मी हा फोन ऐकत आलोय.
एवढ्यावर ठेवायची ती. त्या रात्री नाही ठेवला.
"घोडी आज काय करत होती?"

पलीकडे काही नाही. रेषेवरची खरखर.
साइकालचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना.
नंतर लक्षात आलं, मोजत होती, उलट.
एकोणीसवर आवाज आला:
"घोडी विकली गं. ऑक्टोबरातच."

तिने ओव्हरकोट घातला, जीपची किल्ली माझ्याकडून घेतली.
"तळ्याकडे बघ," म्हणाली, आणि बर्फातून
टायर गरगरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी बसलो तळ्याकडे बघत.
दोन वाजून चौदाला आकडे यायचे थांबले.
मी खुर्चीतून अर्धा उठलो. कुठे जाणार होतो, कोण जाणे.
दोन वाजून सतराला नवी ओळ उमटली:
पुन्हा सुरू झालो.
पाणी, दोन मीटर त्रेचाळीस.